तीस मिलिग्रॅमचा माग

नाकाबंदीवरचा पोलीस यंत्राला नवी नळी लावतो, तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, "मारा फुंक. जोरात. थांबू नका, अजून, अजून..." चार-पाच सेकंदांत यंत्र वाजतं आणि पडद्यावर आकडा उमटतो. तेवढ्या वेळात त्या डबीत काय घडतं ते नीट पाहिलं तर माणूस थक्क होतो. त्याहून थक्क व्हायला होतं ते त्या आकड्याचा पुढचा प्रवास पाहून. पोटात गेलेली दारू शरीर काही तासांत जाळून मोकळं होतं. आकडा मात्र कागदावर चढतो, कोर्टात जातो, आणि काही वर्षांनी, फुंक मारणारा पोरगा पोलीस भरतीच्या मेरिट लिस्टमध्ये आलेला असताना, एका छापील रकान्यातून पुन्हा डोकं वर काढतो.

दारू पिऊन गाडी चालवताना एकदा पकडला गेलेला माणूस पुढे पोलीस होऊ शकतो का? उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात मिळेल, असं वाटतं. मिळत नाही. का मिळत नाही, तीच खरी गंमत आहे.

मेढ्याच्या बाजूला हा प्रश्न नुसता कायद्याचा राहत नाही. वेण्णेच्या खोऱ्यातलं हे जावळी तालुक्याचं ठिकाण. रानं डोंगरउताराची, वाटण्या होत होत तुकड्यांवर आलेली. त्यामुळे घरातलं कुणीतरी नवी मुंबईत माथाडी, कुणी सैन्यात, कुणी पोलिसांत, ही इथली रीतच आहे. आणि खाकीचं इथलं मोल सांगायला लांब जावं लागत नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात नुसती लाठी असताना दहशतवादी कसाबच्या रायफलीची नळी सोडली नाही, ते तुकाराम ओंबळे याच तालुक्यातल्या केडंब्याचे. आधी लष्करात नोकरी केली, मग मुंबई पोलिसांत आले, आणि मरणोत्तर अशोकचक्राचे मानकरी झाले. ज्या खोऱ्यातला माणूस असा गेला, तिथल्या पोरांना 'भरतीला पळतोस का?' हा प्रश्न 'जेवलास का?' इतक्या सहज विचारला जातो.

याच तालुक्याची दुसरी ओळख दारूबंदीची. इथल्या बायांनी मतपेटीतून बाटली आडवी केली आणि परवान्याची दुकानं बंद पाडली. त्यासाठीचा नियमही सोपा नाही. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. आलेल्या मतांच्या निम्म्याहून नव्हे, यादीतल्या नावांच्या. ज्या बाई शेतावर अडकल्या, ज्या मुंबईला लेकाकडे गेल्या, त्या सगळ्यांची मतं आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. तरीही बायांनी हे करून दाखवलं. आता यात एक पेच आहे, तो मला फार दिवस खुपतो. गावात दुकान नसलं की पिणारा सातारच्या वाटेला लागतो, आणि प्यायल्यावर त्याला वीसेक किलोमीटर परत यायचं असतं, बहुधा मोटारसायकलवर. यात दोष बायांचा नाही. पण नाकाबंदी नेमकी याच वाटेवर लागते.

तर ती फुंक.

रक्तातली दारू श्वासात कशी येते? फुप्फुसाच्या टोकाला बारीक फुगे असतात. तिथे रक्त आणि हवा यांच्यात जेमतेम एक पापुद्रा. रक्तात विरघळलेली दारू त्या पापुद्र्यातून वाफ होऊन हवेत येते, आणि किती यावी याचं प्रमाण ठरलेलं असतं. द्रवात विरघळलेला वायू आणि वरच्या हवेतला वायू यांचा हिशेब विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1803 साली मांडला, तेव्हा त्याच्या डोक्यात नाकाबंदी नक्कीच नव्हती. आज यंत्रं धरून चालतात ते गणित असं: 2100 मिलिलिटर खोल श्वासात जेवढी दारू, तेवढीच 1 मिलिलिटर रक्तात. म्हणून तो हवालदार "थांबू नका, अजून" म्हणून ओरडत असतो. सुरुवातीची हवा तोंडातली आणि घशातली असते, तिला रक्ताची बातमी नसते. शेवटची, तळाची हवा खरं बोलते. आणि म्हणूनच नुकताच घोट घेतलेल्याला किंवा दारूचा अंश असलेल्या औषधाने गुळणी केलेल्याला पंधरा मिनिटं थांबवून मग फुंकायला लावावं, असं जाणकार सांगतात. नाहीतर आकडा तोंडाचा येतो, रक्ताचा नाही.

आपल्याकडे मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 185. ही रक्कम किती लहान आहे याचा अंदाज घेऊ. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त धरलं, तर मर्यादेवर असताना त्या सगळ्या रक्तात मिळून दारू असते दीड ग्रॅम. दोन मिलिलिटरही नाही. चहाचा चमचा अर्धासुद्धा भरणार नाही. यंत्राचं काम तर याहून बारीक. ते फुंकेतली साधारण एक मिलिलिटर हवा आत ओढून घेतं, आणि त्या हवेत, मर्यादेवर असलेल्या माणसाच्या बाबतीत, दारू असते एका मिलिग्रॅमचा सात हजारावा भाग. तीही त्या खिशात मावणाऱ्या डबीला सापडते.

सापडते कशी, ते तर आणखी सुरेख आहे. आत प्लॅटिनमचा पातळ लेप दिलेली चकती असते. दारूचा रेणू तिच्यावर आला की त्याचं ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि त्या बदलात रेणूमागे चार इलेक्ट्रॉन सुटतात. इलेक्ट्रॉन वाहू लागले की वीज. जितकी दारू तितकी वीज, जितकी वीज तितका आकडा. आता आपल्या यकृताकडे पाहा. तिथे प्रथिनांची यंत्रणा दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करते आणि मग त्याचं तेच, ॲसिटिक आम्लाचं रूप. म्हणजे फुंक मारणाऱ्याच्या बरगडीखाली आणि पोलिसाच्या तळहातावर एकाच वेळी एकच रासायनिक क्रिया चालू असते. एक जण प्रथिनाने करतो, दुसरा प्लॅटिनमने. फरक इतकाच, की यकृत त्याची नोंद ठेवत नाही.

यकृताचा वेगही जवळजवळ ठरलेला. तासाला 100 मिलिलिटरमागे 15 मिलिग्रॅमच्या आसपास. स्वीडनमधल्या लुंडच्या एरिक विडमार्क यांनी 1930 च्या सुमारास हा हिशेब बसवला. कुणी किती प्यायला, त्याचं वजन किती, वेळ किती गेला, यावरून रक्तातला आकडा काढायचं त्यांचं सूत्र अजून कोर्टात वापरलं जातं. त्या सूत्राने पाहिलं तर सत्तर किलोच्या पुरुषाने 60 मिलिलिटर व्हिस्की घेतली की आकडा चाळिसाच्या थोडा वर जातो. एक मोठा पेग, आणि मर्यादा पार. "एकच घेतलाय, साहेब" हे वाक्य खरं असूनही उपयोगाचं नाही, ते यामुळे. हीच दारू तीनेक तासांत अंगातून साफ जाते. काळी कॉफी, लिंबू, गार पाण्याचा हबका, यातल्या कशानेही यकृताला घाई होत नाही.

फुंकेवरून प्यायलेला माणूस ओळखणारं पहिलं सोपं, टिकाऊ यंत्र बनवलं तेही एका पोलीस खात्यातल्या माणसाने. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी 1954 साली ते तयार केलं. त्यात नारिंगी डायक्रोमेटचं द्रावण असायचं, दारूची वाफ लागली की ते हिरवटायचं, आणि किती हिरवटलं ते प्रकाशाच्या झोताने मोजायचे.

आता कायद्याच्या अंगाने. इथे महाराष्ट्रापुरती एक मौज आहे, जी फार कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे दारूचे दोन कायदे एकमेकांशेजारी नांदतात, आणि दोघांची फूटपट्टी वेगळी. मोटार वाहन कायद्याचा आकडा 30. मुंबई दारूबंदी कायदा, 1949, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, त्याच्या कलम 66 मधला आकडा 0.05 टक्के, म्हणजे 50 मिलिग्रॅम. रक्तात तेवढी सापडली तर ती औषधातून आली हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर पडतं. म्हणजे 40 मिलिग्रॅमवाला माणूस एका कायद्याच्या दृष्टीने गाडी चालवायला नालायक, आणि दुसऱ्या कायद्याचं ते गृहीतक त्याला लागतच नाही.

या दारूबंदी कायद्याखाली 1959 साली रक्त तपासणीचे नियम झाले. ते वाचताना त्या काळच्या कुणा कारकुनाबद्दल आदर वाटतो. सुई टोचण्याआधी डॉक्टर एरवी कापसाने काय पुसतात? स्पिरिट. आणि स्पिरिट म्हणजे दारूच. म्हणून नियमात स्पष्ट लिहिलं आहे की कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची, सिरिंज उकळत्या पाण्यातून काढायची, आणि रक्त घेताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. रक्त किमान 5 सीसी, शिरेतलं. बाटलीत ते गोठू नये आणि नासू नये म्हणून औषध, वर लाखेचं सील. धुळ्याकडच्या एका जीप अपघातात रक्त कुणी, केव्हा, कुठल्या नियमाने घेतलं यावर थेट सर्वोच्च न्यायालयात खल झाला होता. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1963. आणि मुंबईच्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात, 1971 च्या सुमाराला, त्याच न्यायालयाने सांगितलं की तोंडाला वास येतो, चाल डळमळते, बाहुल्या मोठ्या झाल्यात, एवढ्यावरून माणूस प्यायला होता असं ठरवता येणार नाही. रक्त तपासा.

रक्ताला एवढं महत्त्व आलं की मग रक्तावरच डाव खेळले जातात. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा गाडीवरच्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना घातलेली 300 शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. मला त्याहून हादरवणारा वाटला तो पुढचा भाग: रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना झालेली अटक. पाच सीसी रक्ताची बाटली इतकी मोलाची ठरते.

परत आपल्या मोटारसायकलवाल्याकडे येऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे गणवेशातला पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. पण त्याच कलमात एक घड्याळ लावून ठेवलंय: अटकेपासून दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्याला सोडून द्यायचं. यकृत तासाला पंधराच्या वेगाने पुरावा जाळतंय, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं, असं म्हणायला हरकत नाही. तपासणीला नकार देऊन सुटका होत नाही. कारण नसताना दिलेला नकार कोर्टात अंगावर येऊ शकतो.

मग तारीख पडते. हेल्मेटचा दंड मोबाइलवर भरता येतो, हा तसा भरता येत नाही. कोर्टात उभं राहावं लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. हा आकडा 1 सप्टेंबर 2019 पासूनचा. आधी दंड 2,000 पर्यंतच होता. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 दंड. बहुतेक जण पहिल्याच तारखेला "कबूल आहे, साहेब" म्हणतात, दंड भरतात, पावती खिशात घालतात आणि "मिटलं एकदाचं" म्हणत घरी येतात.

इथेच सगळ्यात मोठी गफलत आहे. दंड भरला म्हणजे प्रकरण मिटलं, हा समज. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी. निर्दोष सुटका नव्हे, तडजोडही नव्हे. ज्याने 10,000 भरले तो आता, कायद्याच्या भाषेत, शिक्षा झालेला माणूस आहे. हे त्याला त्या दिवशी कुणी सांगत नाही. रांगेत पन्नास जण उभे असतात, कोण सांगणार?

एवढ्याशा दंडाने आयुष्य कसं उलटंपालटं होतं, याचं एक उदाहरण हरियाणातलं. सार्वजनिक जागी अश्लील वागण्याच्या कलमाखाली एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याला झटपट खटल्यात 20 रुपये दंड झाला होता. वीस. तेवढ्यावरून त्याची नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, 1996 मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला, आणि न्यायमूर्तींनी संसदेला सुचवलं की हजारो लोक छोट्या कोर्टांत कटकट नको म्हणून किरकोळ दंड भरून टाकतात, अशा शिक्षांनी माणसाची नोकरी जाऊ नये यासाठी काहीतरी करा. तसा सरसकट कायदा आजवर आलेला नाही. ब्रिटनमध्ये 1974 पासून आहे: ठरावीक वर्षं सरळ वागलं की जुनी छोटी शिक्षा 'संपली' असं मानतात आणि बहुतेक नोकऱ्यांत ती सांगावी लागत नाही. बहुतेक म्हटलं, कारण त्यातूनही पोलिसांची नोकरी वगळलेली आहे. तिथेसुद्धा खाकीला, म्हणजे त्यांच्या काळ्या-निळ्याला, सगळं सांगावं लागतं.

भरतीचा रस्ता पोरांना पाठ असतो. बारावी पास, खुल्या गटाला वयाची मर्यादा 28, राखीवला 33. पुरुषांना उंची 165 सेंटिमीटर. आधी ग्राउंड, 50 मार्कांचं: 1600 मीटर, 100 मीटर, गोळा. मग लेखी 100 मार्कांची. पहाटे साडेचारला अंधारात पळणारी ही पोरं अर्ध्या सेकंदाने मागे राहिली तर महिनाभर हळहळतात. ग्राउंड निघालं, लेखी निघाली, यादीत नाव आलं, गावात पेढे वाटले, व्हॉट्सॲपला स्टेटस लागलं. आणि मग येतो साक्षांकन नमुना.

साध्या कागदावरचा, कंटाळवाणा फॉर्म. नाव, जन्मगाव, गेल्या काही वर्षांत कुठे कुठे राहिलात, नातेवाईक. मग एक प्रश्नमाला: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर खटला भरला गेला आहे का? दंड झाला आहे का? शिक्षा झाली आहे का? सध्या काही प्रकरण चालू आहे का? आणि वरच इशारा, की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर नोकरीला अपात्र ठराल. प्रश्न वेगवेगळे विचारलेत ते उगाच नाही. सुटला असेल तरी अटक झालीच होती. तुरुंगात गेला नसेल तरी दंड झालाच होता. एकेक रकाना म्हणजे पळवाटेला घातलेलं एकेक कुंपण.

मुंबईत निवड झाली तरी हा कागद फिरत फिरत मूळ गावच्या ठाण्यात येतो. मेढ्याकडचा पोरगा असेल तर मेढा पोलीस ठाण्यात. तिथले अंमलदार रजिस्टर पाहतात, गावात विचारतात, पोलीस पाटलाचं मत घेतात. केस दुसरीकडची असेल, समजा पुण्यात नोकरीला असताना पडलेली, तर गावच्या ठाण्यात तिचा पत्ता नसेल, असं पोरांना वाटतं. पूर्वी बऱ्याचदा खरंही असेल. आता पोलीस ठाणी सीसीटीएनएस नावाच्या जाळ्याने जोडलेली आहेत, आणि त्याहून सोपं म्हणजे ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव टाकून खटला शोधता येतो. त्याला पोलीस असायचीही गरज नाही. एखादा जळका भाऊबंद हे काम आनंदाने करतो.

आता मूळ प्रश्न. रकान्यात 'होय' लिहिलं तर?

सर्वोच्च न्यायालयाचा या बाबतीतला प्रवास वाचायला एखाद्या कौटुंबिक वादासारखा आहे. 1996 मध्ये दिल्लीच्या एका पोलीस शिपाईपदाच्या उमेदवाराबद्दल न्यायालय म्हणालं, तो खटल्यातून सुटला असला तरी त्याचं वागणं पाहायचा हक्क खात्याला आहे. मग 2011 मध्ये दिल्ली पोलीस आयुक्त विरुद्ध संदीप कुमार. अर्जात जुनी मारामारीची केस लिहिली नव्हती म्हणून उमेदवारी रद्द झालेली. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी निकालपत्रात थेट व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला पाव चोरणारा जाँ व्हालजाँ उभा केला, आणि विसाव्या वर्षी पोरं चुकतात, त्यांना जन्मभर गुन्हेगार म्हणून डागू नका, अशा अर्थाचं लिहिलं. पोलीस भरतीच्या फाइलीत फ्रेंच कादंबरी. दोन वर्षांनी, 2013 मध्ये, मेहर सिंग या उमेदवाराच्या प्रकरणात वारा फिरला. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी लिहिलं की पोलीस दल हे शिस्तीचं दल आहे, तिथे येणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल लोकांना विश्वास वाटला पाहिजे, आणि तडजोडीने किंवा साक्षीदार फुटल्याने झालेली सुटका म्हणजे सन्मानाची सुटका नव्हे. खात्याच्या छाननी समितीने विचारपूर्वक नाही म्हटलं तर कोर्टाने त्यात पडू नये.

एकीकडे व्हालजाँ, दुसरीकडे शिस्त. हा गुंता तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 21 जुलै 2016 रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात सोडवायचा प्रयत्न केला. त्यातली सूत्रं आजही भरतीच्या वादांत पहिल्यांदा उघडली जातात. आपल्या कामाची तेवढी सांगतो. माहिती खरी हवी, लपवाछपवी नको. केस किरकोळ असेल, कोवळ्या वयात घोषणा देण्यासारखी, आणि ती सांगितली असती तरी माणूस अपात्र ठरला नसता, तर लपवल्याबद्दलही वरिष्ठ माफ करू शकतात. उलट, सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं बंधन खात्यावर नाही. आणि फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलंच नाही, ते सांगितलं नाही म्हणून कुणाला लटकवता येत नाही.

सांगितलं तरी हमी नाही, आणि लपवलं तरी दरवेळी फाशी नाही. हे वाचून पोरं वैतागतात, आणि खरं सांगायचं तर मलाही आधी हा निकाल हात झटकल्यासारखा वाटला होता. पण त्यात एक शहाणपण आहे. फुंकेच्या यंत्राला 29 आणि 31 यांच्यात फरक कळतो, त्यापलीकडे काही कळत नाही. चारित्र्याला तसा आकडा लावला असता तर बाविसाव्या वर्षी लग्नाच्या वरातीतून येताना एकदा सापडलेला, आणि दर शनिवारी सापडूनही गाडी न सोडणारा, दोघे एकाच बाजूला पडले असते. म्हणून न्यायालयाने आकडा ठरवला नाही. एका अधिकाऱ्याला सांगितलं, की केस काय होती, वय काय होतं, किती वर्षं झाली, नंतर कसा वागला, कोणत्या कामासाठी घेतोय, हे सगळं बघ आणि कारण देऊन ठरव. फेब्रुवारी 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रवींद्र कुमार या शिपायाच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा तेच केलं. त्याने केस लिहिली नव्हती, तरी ती काय होती, त्यात तो सुटला होता, गावच्या ठाण्याने चांगला शेरा दिला होता, हे सगळं तोलून त्याला नोकरी परत दिली.

या तोलण्यात दारू पिऊन गाडी चालवणं कुठे बसतं? एकदा, कुणालाही इजा नाही, फक्त कलम 185: किरकोळाच्या बाजूला ओढता येतं, आणि कुणी ओढलं तर मला ते पटेल. पण कुणी जखमी झालं असेल तर चित्र बदलतं, आणि कुणी मेलं असेल तर बोलणंच खुंटतं. 2006 मध्ये मुंबईत कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचं कलम कायम ठेवलं. तीच दारू, तेच स्टिअरिंग. चालक पोलीस शिपायाची जागा असेल तर खात्याने जास्त कडक व्हावं, हेही ओघानेच आलं. आणि केसच्या वेळी वय अठराच्या आत असेल, तर बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 24 सांगतं की त्या जुन्या प्रकरणामुळे अपात्रता चिकटणार नाही. अपवाद फक्त सोळा पूर्ण झालेल्या आणि प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा.

खात्यात शिरल्यावर मात्र हीच चूक कशी दिसते, ते उत्तर प्रदेशच्या सशस्त्र दलातल्या ब्रिजेश चंद्र द्विवेदी या चालकाच्या प्रकरणात दिसतं. फतेहपूरहून अलाहाबादला कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताला जवान घेऊन निघालेला ट्रक, चालक प्यायलेला, मागून जीपला धडक. कुणी मेलं नाही, नुकसान थोडं. त्याला बडतर्फ केलं. हा वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी 2022 मध्ये संपला, तोवर तो माणूस हयात नव्हता. न्यायमूर्ती एम. आर. शाह आणि बी. व्ही. नागरत्ना यांनी म्हटलं की मोठा अपघात झाला नाही ते केवळ नशीब, आणि नशीब चांगलं होतं म्हणून सौम्यता दाखवता येत नाही. ट्रकमधल्या जवानांचे जीव त्याच्या हातात होते. तरीही पंचवीस वर्षांची नोकरी पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली, म्हणजे घरच्यांना देय रक्कम मिळावी.

ज्या पोराच्या खिशात ती जुनी पावती आहे, त्याला करण्यासारखं काम आधीचं आहे, यादीत नाव लागायच्या आधीचं. पावतीवर भागत नाही. ज्या कोर्टात दंड भरला तिथून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढायची. प्रकरण मेढ्याच्या न्यायालयातलं असेल तर एका अर्जाचं आणि थोड्या फीचं काम आहे, पुण्याचं असेल तर एक फेरी. त्यावर कलम कोणतं, शिक्षा काय, तारीख कोणती, हे नीट वाचायचं, कारण 'ड्रंक अँड ड्राइव्हची केस' म्हणून सांगताना पोरं बेदरकार गाडी चालवण्याचं कलमही सोबत लागलंय हे विसरतात, आणि मग अर्धवट सांगणं हे लपवण्यात जमा होतं. फॉर्म सायबर कॅफेतल्या माणसाला भरायला द्यायचा नाही. तो सवयीने सगळ्या रकान्यांत 'नाही' टाकत सुटतो, खाली सही मात्र पोराची असते.